नामांकित मालाला मोबाईलची जोड

कोकणातील हापूस आंब्याचे नाव सर्वदूर पोचले आहे. परंतु त्या नावाचा मोबदला दर वेळी बागायतदाराच्याच पदरात पडतो असे नाही. कर्नाटकातील आंबा देवगडच्या पेटीत भरून देवगड म्हणून विकणे ही बाजारातील जुनी चाल आहे. दुसरीकडचा बारीक तांदूळ वाडा कोलम म्हणून गोणीत भरला जातो, ही तक्रारही तितकीच जुनी. रिकामी पेटी भंगारात मिळते आणि कागदी शिक्का कोणत्याही छापखान्यात छापून मिळतो. खरे-खोटे पारखण्याचे साधन हाती नसल्यामुळे गिऱ्हाईक एक तर फसते किंवा सगळ्याच मालाला सरसकट कमी भाव देते. यातले दुसरे नुकसान मोठे आहे, कारण ते कोणाच्या जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही.

आता गिऱ्हाइकाच्या खिशात मोबाईल आलेला आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यानंतर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसला की त्यावर मोबाईल धरायचा, ही सवय लहानथोर सर्वांना लागली. या सवयीचा उपयोग नावाजलेल्या मालाचे नाव राखण्यासाठी कसा करावा आणि मोबाईलवर जे काही दाखवायचे त्याची रचना कशी असावी, यासंबंधीची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. कल्याणपासून कसाऱ्याकडे जाणाऱ्या पट्ट्यातील आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद या भागातील उत्पादकांना ती विशेष उपयोगी पडावी. देवगडच्या बागायतदाराचे गिऱ्हाईक शेकडो किलोमीटर दूर असते. या पट्ट्यातील उत्पादकाचे गिऱ्हाईक रोज संध्याकाळी लोकलमधून दाराशी उतरते.

नुसता क्यूआर कोड पुरेसा नाही

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्यामागे जादू काही नाही. ठिपक्यांच्या रूपाने एखादा पत्ता किंवा क्रमांक लिहिलेला असतो आणि मोबाईल तो वाचतो, इतकेच. त्यामुळे खऱ्या पेटीवरील कोडचा फोटो काढून तो हजार खोट्या पेट्यांवर छापला तरी प्रत्येक पेटीवरचा कोड गिऱ्हाइकाला खऱ्या बागायतदाराच्याच वेबसाइटवर नेतो. गिऱ्हाईक बागेचे छायाचित्र पाहते, समाधान पावते आणि खोटा आंबा घरी नेते. म्हणजे सर्व पेट्यांवर एकच कोड छापला, तर त्याने नकलेला उलट प्रतिष्ठाच मिळते. अनेक गट उत्साहाने असा एकच कोड छापून घेतात. जाहिरात म्हणून तो ठीक आहे, परंतु त्याला खरेपणाचा पुरावा म्हणू नये.

यावर पहिला उपाय म्हणजे प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देणे. असे केल्यास खोटे माल विकणारा फार तर एका क्रमांकाच्या प्रती काढू शकतो. एकच क्रमांक सकाळी कल्याणला, दुपारी पुण्याला आणि संध्याकाळी नाशिकला तपासला गेला, की नोंद ठेवणाऱ्या संगणकाला चोरी लगेच कळते. मात्र तोपर्यंत पहिले दोन-चार ग्राहक फसलेले असतात. म्हणून क्रमांकाचा काही भाग लपवून ठेवण्याची युक्ती पुढे आली.

देवगडचा शिक्का

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर लावण्यासाठी असा शिक्का आणला. हे तंत्र मुंबईच्या एका कंपनीचे असून ते पेटंट घेतलेले आहे. स्टिकरवर एक क्रमांक वरून दिसतो, तर दुसरा स्टिकर काढल्याशिवाय दिसत नाही. स्टिकर काढताना फाटतो, त्यामुळे तो एका फळावरून काढून दुसऱ्यावर चिकटवता येत नाही. ग्राहकाने स्टिकरचा फोटो काढून संस्थेच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवायचा असतो. समोरून यंत्रच उत्तर देते आणि मागचा क्रमांक विचारते. दोन्ही क्रमांकांची जोडी जुळली तर माल कोणाचा व कोठला याची माहिती मोबाईलवर येते. बागायतदारांना स्टिकर द्यायचे ते त्यांच्या झाडांच्या संख्येनुसार व उत्पादनक्षमतेनुसार. हा भाग तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. ज्याची शंभर कलमे आहेत त्याला हजार कलमांचे स्टिकर मिळाले, तर बाहेरचा आंबा आपल्याच दारातून आत येईल.

या योजनेत रचनेच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाची गोष्ट कोणती, असे विचारल्यास व्हॉट्सॲपची निवड असे उत्तर द्यावे लागेल. संस्थेला स्वतःचे नवे ॲप काढता आले असते. परंतु डझनभर आंबे घेणारे गिऱ्हाईक त्यासाठी नवे ॲप उतरवून घेईल, नाव-पत्ता भरील, परवलीचा शब्द ठरवील, असे मानणे हा भाबडेपणा झाला. जे साधन त्याच्या मोबाईलमध्ये आधीच आहे आणि फोटो पाठवण्याची जी कृती तो दिवसातून चार वेळा करतो, तिचाच येथे उपयोग करून घेतला आहे. जुन्या नावाला नवे साधन जोडताना हाच क्रम ठेवावा. आधी गिऱ्हाइकाची सवय पाहावी, मग साधन ठरवावे.

या पद्धतीची एक मर्यादाही लक्षात घ्यावी. मागचा क्रमांक स्टिकर काढल्यावरच दिसतो, म्हणजे पूर्ण तपासणी बहुधा खरेदीनंतरच होते. विक्रेता प्रत्येकाला दुकानातच स्टिकर सोलू देईल असे नाही. तरीही खोटा माल विकणाऱ्याला गिऱ्हाईक उद्या परत येईल ही धास्ती राहते, आणि ती कमी महत्त्वाची नाही.

गिऱ्हाईक कोठे उभे आहे?

रचना कागदावर करण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. आंबिवली स्थानकाबाहेर संध्याकाळी उतरणाऱ्या माणसाचा विचार करा. एका हातात डबा व पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल, मागून गर्दीचा लोंढा. उजेड विक्रेत्याच्या एका दिव्याचा. दिवसभराच्या प्रवासात मोबाईलचा डेटा व बॅटरी दोन्ही संपत आलेले. मोबाईलची काच कदाचित तडकलेली. अशा माणसाला आपल्या मालाबद्दल काही दाखवायचे असेल तर त्याच्यापाशी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ नाही असे धरून चालावे. त्याचे प्रश्नही मोजके असतात : हा माल खरा आहे का? कोठला आहे? कधी पिकेल, किती दिवस टिकेल? पुन्हा हवा असल्यास कोणाला सांगायचे?

या प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने, मोठ्या अक्षरांत, पहिल्याच पडद्यावर दिसली पाहिजेत. बागेचा इतिहास, झाडांचे वय, मिळालेली पारितोषिके हे सर्व खाली असावे. घरी गेल्यावर निवांतपणे वाचणारे वाचतात.

उत्तराची भाषाही विचारपूर्वक ठरवावी. क्रमांक जुळला नाही तर पडद्यावर लाल रंगात ‘नकली’ असे दाखवण्याचा मोह होतो. तसे करू नये. गिऱ्हाइकाने एखादा अंक चुकीचा टाकला असेल किंवा विक्रेता स्वतःच फसलेला असेल. ‘हा क्रमांक आमच्या नोंदीत नाही. कृपया पुन्हा तपासा किंवा संस्थेला कळवा’ एवढेच लिहावे. त्याच घरात वडिलांनी तपासलेला क्रमांक मुलीने पुन्हा तपासला तर खरा माल खोटा ठरू नये, यासाठी ‘हा क्रमांक यापूर्वी अमुक तारखेला तपासलेला आहे’ असे सांगावे आणि निर्णय गिऱ्हाइकावर सोपवावा. केवळ हिरव्या-लाल रंगावर विसंबू नये. काही लोकांना हे दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून शब्दही हवेत.

वेबसाइट मोबाईलवर कशी दिसते?

बऱ्याच संस्थांची वेबसाइट दहा-पंधरा वर्षांपूर्वी टेबलावरच्या संगणकासाठी केलेली असते. मोबाईलवर ती उघडली की अक्षरे मुंग्यांसारखी दिसतात आणि वाचणाऱ्याला दोन बोटांनी पान ताणत बसावे लागते. यावरील उपाय म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडणी बदलणारे पान. याला रिस्पॉन्सिव्ह रचना म्हणतात. अमेरिकेतील ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये हे नाव रूढ केले. पाणी जसे भांड्याचा आकार घेते तसे हे पान पडद्याचा आकार घेते. संगणकावर शेजारी शेजारी दिसणारे तीन रकाने मोबाईलवर एकाखाली एक येतात. वेबसाइट दोनदा करावी लागत नाही.

मात्र खरी मेख येथेच आहे. तीन रकाने एकाखाली एक आले की सर्वांत वर कोण, हा प्रश्न उभा राहतो. सहकारी संस्थांच्या पानावर बहुधा अध्यक्षांचे छायाचित्र, मग स्थापनेची हकिगत, मग संचालक मंडळ आणि सर्वांत तळाशी आंब्याचा भाव असा क्रम असतो. संगणकावर हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसत असल्याने खपून जात होते. मोबाईलवर भावापर्यंत पोचायला सात-आठ वेळा बोट सरकवावे लागते आणि तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीपाशी गेलेले असते. वेबसाइट करून देणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी पान आपल्या घरातील सर्वांत स्वस्त मोबाईलवर, उन्हात उभे राहून, उघडून पाहावे.

मोबाईलने काढलेले एक छायाचित्र कित्येकदा तीन ते पाच एमबीचे असते. ते तसेच पानावर टाकल्यास पान उघडता उघडत नाही. आकार कमी करून ते शंभर-दीडशे केबीवर आणावे, पडद्यावर फरक जाणवत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाईलवर अगम्य चिन्हे होऊन उमटतो. देवनागरीला वर वेलांट्या व मात्रा, खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा थोडे अधिक अंतर ठेवावे लागते. दाबायची बटणे सुमारे एक सेंटिमीटरची असावीत, म्हणजे अंगठा शेजारच्या बटणावर पडत नाही.

पेटीवरची खूण आणि मोबाईलवरची खूण एकच असली पाहिजे. पेटीवर लाल अक्षरांत एक नाव, पानावर हिरव्या अक्षरांत दुसऱ्या स्पेलिंगने तेच नाव, व्हॉट्सॲपवर बागायतदाराच्या मुलाचे छायाचित्र, असे असल्यास गिऱ्हाइकाला शंका येणे स्वाभाविक आहे. ज्या नावावर वर्षानुवर्षे माल खपला त्याचे अक्षर, रंग व चित्र नवेपणाच्या हौसेपायी बदलू नये.

मनगटावरच्या घड्याळासाठीही असे संदेश तयार करता येतात. झेल्याने आंबा उतरवताना दोन्ही हात गुंतलेले असताना मनगटावर ‘कल्याण, १० पेट्या’ एवढे दिसणे सोयीचे आहे. परंतु त्यासाठी वेगळा खर्च सध्या कोणी करू नये. व्हॉट्सॲपचा संदेश आखूड लिहिला तर तो अशा घड्याळावर आपोआप नीट दिसतो.

शिक्का छापताना

कोडची लांबी-रुंदी तो ज्या अंतरावरून वाचला जाणार त्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याइतकी असावी. हातात धरून वीस सेंटिमीटरवरून वाचायचा कोड दोन सेंटिमीटरचा पुरतो. पाटीमागे लावलेल्या फलकावरचा मोठा हवा. कोडभोवती पांढरी मोकळी जागा सोडावी. तेथे नक्षी काढली की वाचन अडते. ठिपके गडद व पार्श्वभूमी फिकी असावी. कोड वेगवेगळ्या स्तरांवर छापता येतो. सर्वांत वरच्या स्तरावर त्याचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, मात्र ठिपके दाट होतात. म्हणून त्यात भरायचा पत्ता शक्य तितका आखूड ठेवावा.

आंब्याच्या फळाला गोलाई असते, त्यामुळे मोठा स्टिकर सुरकुततो. देठाचा चीक लागला की छपाई डागाळते व चिकटही धरत नाही, तेव्हा चीक निथळून फळ कोरडे झाल्यावरच स्टिकर लावावा. चकचकीत कागदावर दिव्याचे प्रतिबिंब पडून कोड वाचता येत नाही, म्हणून मंद पृष्ठभागाचा कागद घ्यावा. जांभळावर तर स्टिकर लावताच येत नाही. तो डब्याच्या झाकणावर, झाकण व डबा यांच्या सांध्यावर लावावा, म्हणजे डबा उघडताना फाटेल. तांदळाच्या पिशवीला शिवणीत अडकवलेली चिठ्ठी योग्य ठरते.

विक्रीच्या ठिकाणी पैसे देण्याचा कोड व माल तपासण्याचा कोड शेजारी ठेवू नयेत. गिऱ्हाईक गोंधळते. शिवाय पैशाच्या कोडवर कोणी आपला कोड चिकटवून जाण्याचे प्रकार घडतात. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘पैसे येथे’ व ‘माल तपासा’ असे लिहावे.

कोड तयार करून देणाऱ्या काही मोफत सेवा ठरावीक दिवसांनी बंद पडतात आणि छापलेल्या पेट्या मुक्या होतात. वेबसाइटच्या पत्त्याचे नूतनीकरण राहिले तर तो पत्ता दुसरा कोणी विकत घेऊ शकतो, आणि मग आपल्या पेटीवरचा कोड गिऱ्हाइकाला कोठे नेईल याचा भरवसा नाही. पत्ता संस्थेच्याच नावावर असावा, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नव्हे, आणि त्याचे शुल्क एकदम काही वर्षांचे भरावे.

तपासणीसाठी गिऱ्हाइकाचा मोबाईल क्रमांक आपल्याकडे येतो. त्याला न विचारता त्यावर रोज जाहिराती पाठवू नयेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला असून संमतीला त्यात महत्त्व आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्रासलेला माणूस आपला क्रमांक कायमचा बंद करून टाकतो. त्याचप्रमाणे शेतकऱ्याचा खासगी क्रमांक पडद्यावर दाखवू नये. गाव, बागेचा क्रमांक व संस्थेचा दूरध्वनी पुरेसा आहे.

ठाणे जिल्ह्याने कोणते नाव लावावे?

हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी व सिंधुदुर्गपुरते नसून रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हेही त्यात आहेत. मानांकनाच्या अर्जदारांमध्ये दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचाही समावेश होता. तेव्हा कल्याण, मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील बागायतदाराने नियमानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून आपला आंबा हापूस म्हणून विकावा व गावाचे नाव आपलेच लिहावे. देवगडच्या पेट्या विकत आणून त्यात माल भरण्याची सवय काही ठिकाणी आहे. मोबाईलच्या तपासणीपुढे ती टिकणार नाही. आंबिवली या नावातच आंबा ऐकू येतो. ते पेटीवर छापायला संकोच कसला? २०२० मधील नियमदुरुस्तीने अधिकृत वापरकर्त्याच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आले आहे. वाडा कोलमला २०२१ मध्ये आणि बदलापूरच्या जांभळाला त्यानंतर मानांकन मिळाले. नाव आहे, पण नावाची खूण गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचे काम शिल्लक आहे.

अपेक्षा किती ठेवावी?

मोबाईलमुळे भाव वाढतो असे सरसकट सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. रॉयटर्स या जुन्या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये महाराष्ट्रातच शेतकऱ्यांसाठी रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा सुरू केली होती. बाजारभाव व हवामानाची माहिती मराठीत एसएमएसने येत असे. मार्सेल फाफशां व बार्ट मिंटन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातील १०० गावांत तिचा अभ्यास केला व तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांना मिळालेल्या सरासरी भावात लक्षणीय फरक आढळला नाही. भाव कळला तरी माल त्याच आडत्याकडे, त्याच गाडीने जात असेल तर दुसरे काय होणार? द्राक्षांच्या बाबतीत मात्र अपेडाने २००६ मध्ये सुरू केलेल्या ग्रेपनेटमुळे निर्यातीच्या प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत काढता येऊ लागला. तेथे माहितीच्या मागे नोंदणी, तपासणी आणि नियम मोडणाऱ्याचा माल थांबवण्याचा अधिकार होता. देवगडच्या शिक्क्याचे यशही संस्था स्टिकरचा हिशेब किती काटेकोर ठेवते यावर अवलंबून राहील.

म्हणून सुरुवात लहान करावी. आठ-दहा बागायतदारांच्या गटाने पहिल्या हंगामात पन्नास-शंभर पेट्यांनाच क्रमांक लावावेत. उत्तर कल्याणच्या बाजारात, आंबिवलीच्या स्थानकाबाहेर आणि नातेवाइकांच्या घरी, वेगवेगळ्या मोबाईलवर कसे येते ते पाहावे. किती जणांनी तपासले, कोणत्या टप्प्यावर सोडून दिले, फोन करून काय विचारले, याची नोंद वहीत ठेवावी. दोघांहून अधिक जणांनी एकच प्रश्न फोनवर विचारला, तर त्याचे उत्तर पहिल्या पडद्यावर नाही असे समजून तेथे आणावे. उत्तर कोकणातील हापूस देवगडनंतर बाजारात येत असल्यामुळे छपाईला थोडी उसंत मिळते. तरीही स्टिकरची मागणी दिवाळीनंतर लगेच नोंदवावी, कारण जानेवारीनंतर छापखाने लग्नपत्रिकांत गुंतलेले असतात.